कळीचे घर आणि अक्षरावरचा उजेड

श्रोतेहो, आजच्या विषयाचे नाव वाचून आपणांपैकी कित्येकांनी एकमेकांकडे पाहून हसून घेतले असेल. ह्या व्यासपीठावरून राज्यघटनेवर बोलतात, ज्ञानेश्वरीवर बोलतात, पाटबंधाऱ्यांवर बोलतात. आणि आम्ही बोलणार संगणकाच्या कळफलकातील एका लहानशा प्लास्टिकच्या डबीविषयी. परंतु ही डबी आमच्या मागे कशी लागली ते आधी सांगतो, म्हणजे हसणे थोडे कमी होईल.

आमचे एक स्नेही दिवसा नोकरी करतात आणि रात्री घरी पुस्तकांची अक्षरजुळणी करतात. घर दोन खोल्यांचे. ज्या खोलीत संगणक, त्याच खोलीत त्यांच्या मातोश्रींचे अंथरूण. मातोश्रींचे वय ऐंशीच्या पुढे, झोप सावध. दिवा लागला की जाग, आणि एकदा जाग आली की पहाटेपर्यंत पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून स्नेह्यांनी अंधारातच काम करावयाचे ठरविले आणि पदरचे बरेच पैसे खर्चून आतून उजळणाऱ्या कळांचा एक कळफलक आणला. त्यावर अक्षरे तेवढी रोमन होती. मग सन्मानचिन्हांवर व नामपट्ट्यांवर लेझरने अक्षरे कोरून देणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी प्रत्येक टोपीच्या खालच्या अर्ध्या भागात देवनागरी अक्षरे कोरून घेतली. काम सुबक झाले होते. रात्री दिवा मालवून कळफलक सुरू केला, तो वरची रोमन अक्षरे लखलखीत आणि खालची देवनागरी जवळजवळ नाहीशी! दुसऱ्या दिवशी कळफलक काखोटीला मारून ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "पाहा, इंग्रजीला दिवाळी आणि मराठीला ग्रहण!"

आमचा पहिला संशय अर्थातच कारागिरावर गेला. परंतु टोपी काढून खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा दोन्ही अक्षरांतून सारखाच प्रकाश येत होता. मग संशय दिव्यावर गेला. उजेड वाढवून पाहिला. रोमन अक्षरे डोळ्यांत खुपू लागली, आणि देवनागरी उलट अधिकच बुडाली असे वाटले. हे 'वाटणे' खरे होते. आपला डोळा समोरच्या सर्वांत उजळ वस्तूशी जुळवून घेतो. शेजारचे अक्षर अतिशय तेजस्वी झाले की मंद अक्षर वाचणे कठीण होते. म्हणजे प्रश्न उजेड किती हा नव्हता. तो कोठे पडतो, हा होता. आणि उजेड कोठे पडावयाचा हे ज्या वस्तूवर फार मोठ्या अंशी अवलंबून असते, तिच्याकडे आम्ही अजून पाहिलेच नव्हते.

आता ह्या कळीची रचना थोडक्यात पाहू. साध्या स्वस्त कळफलकात सर्व कळांखाली मिळून रबराचा एक पापुद्रा असतो. मेकॅनिकल म्हणविल्या जाणाऱ्या कळफलकात मात्र प्रत्येक कळीखाली तिचा स्वतंत्र स्विच असतो. हा स्विच म्हणजे प्लास्टिकची एक चौकोनी डबी. तिला आम्ही घर म्हणू. इंग्रजीतील शब्दाचाही अर्थ तोच आहे. घराला तळ आहे, छप्पर आहे. आत एक स्प्रिंग, धातूच्या दोन पत्त्या आणि वर-खाली होणारा दांडा. दांड्याचे डोके अधिक चिन्हाच्या आकाराचे असून ते छपरातून बाहेर डोकावते. त्यावर अक्षराची टोपी बसते. कळ दाबली की दांडा खाली जातो, पत्त्या एकमेकींस टेकतात आणि अक्षर उमटते. जगात सर्वांत अधिक अनुकरण झालेला असा स्विच म्हणजे जर्मनीच्या बव्हेरियातील आउअरबाख येथील चेरी कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी आणलेला 'एमएक्स'. त्याची कळ एकंदर ४ मिलिमीटर खाली जाते आणि साधारण निम्म्या वाटेवर, २ मिलिमीटरवर, अक्षर लागते. पुढे पेटंटची मुदत संपल्यावर चीनमधील गेटरॉन, कैल्ह इत्यादी कारखान्यांनी त्याच मापाचे स्विच काढले, आणि आज बाजारात जे शेकडो प्रकार दिसतात त्यांतील बहुतेकांचे मूळ घराणे हेच.

ह्या घराच्या एका बाजूस, मध्यापासून ५ मिलिमीटरांच्या आसपास अंतरावर, दिव्यासाठी एक खोबण असते. मध्यभागी बसविणे शक्यच नव्हते, कारण तेथे दांडा आहे. आणि समोरच्या बाजूस पत्त्या आहेत. दिव्याला कोपऱ्यातली जागा मिळाली. एकेका निरोपदर्शक दिव्यापुरती ती पुरेशी होती. मोठी अक्षरे चालू आहेत की नाहीत एवढे सांगणारा एक ठिपका लागला, की काम भागे. परंतु पुढे सगळाच कळफलक उजळावा अशी हौस निघाली, आणि कोपऱ्यातल्या दिव्यावर साऱ्या टोपीचा भार येऊन पडला.

स्नेह्यांच्या कळफलकात जुनीच पद्धत होती. घर काळेभोर, अपारदर्शक. त्याच्या खोबणीत एक लहान एलईडी छपराच्या पातळीवर बसविलेला. त्याचे दोन्ही पाय घरातून खाली उतरून सर्किट बोर्डाला डाग देऊन जोडलेले. खोबण टाइप करणाऱ्यापासून दूरच्या, म्हणजे पडद्याकडच्या बाजूस. रोमन अक्षर टोपीवर तेथेच वर कोरलेले असल्यामुळे दिवा बरोबर त्याच्या पोटाखाली येतो. ज्यांनी हे आखले त्यांची ह्यात काही चूक नव्हती. त्यांच्यापुढे एका टोपीवर एकच अक्षर होते. आपल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत, जी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केली, एका कळीवर बहुधा दोन देवनागरी चिन्हे येतात: क आणि ख, ल आणि ळ, त आणि थ. त्यांत रोमन मिळविले की एका टोपीवर तीन अक्षरांचे कुटुंब. वरची जागा रोमन अक्षराने आधीच घेतलेली. राहिली ती अंधारी ओसरी.

येथे एक लहानसे गणित करू. कंटाळा आल्यास उत्तर तेवढे ऐकावे. समजा, दिव्याचे तोंड टोपीच्या आतील पृष्ठापासून ६ मिलिमीटर खाली आहे आणि वरचे अक्षर बरोबर त्याच्या माथ्यावर आहे. खालचे अक्षर आडव्या अंतराने १० मिलिमीटर दूर. पहिल्या अक्षराच्या अंतराचा वर्ग ३६, दुसऱ्याचा १३६. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो, म्हणजे नुसत्या अंतरामुळेच दुसऱ्या अक्षरास जेमतेम चौथा हिस्सा मिळतो. शिवाय सपाट तोंडाचा दिवा तिरप्या दिशेस कमी उजेड टाकतो, आणि तिरपा आलेला उजेड पृष्ठावर पसरून आणखी फिका होतो. हे दोन्ही हिशेबात धरले, की वरच्या अक्षराला १०० भाग उजेड असता खालच्याला सुमारे ७ भाग उरतात. आणि त्यांच्या वाटेत तो दांडा खांबासारखा उभा आहे, तो निराळाच. इतके झाल्यावर कारागिराला बोल लावण्यात काय अर्थ?

आता दिवा छपरावर न ठेवता घराच्या तळाखाली, सर्किट बोर्डावरच बसविला तर? समजा, तो ६ऐवजी १४ मिलिमीटर खाली गेला. वरच्या अक्षरावरचा उजेड १००वरून १८वर येतो. फार मोठी खोट! परंतु खालच्या अक्षरावर किती येतो पाहा. अंतर वाढले खरे, पण तिरपेपणा कमी झाला, त्यामुळे त्याला ७च्या ऐवजी ८ भाग मिळतात. म्हणजे त्याचे नुकसान तर नाहीच, किंचित लाभच आहे. पूर्वी दोन अक्षरांत चौदापटींचे अंतर होते. आता ते सव्वादोनपटींवर आले. सभागृहातील दिवे टेबलावर न ठेवता उंच छताला का लावतात, त्याचेच हे उलटे उदाहरण.

मात्र हे सारे गणित एका अटीवर उभे आहे. दिव्यापासून अक्षरापर्यंतची वाट मोकळी हवी. घर काळे असेल तर खोबण ही एक विहीर होते आणि दिवा तिच्या तळाशी बसतो. विहिरीच्या तळातून आकाशाचा जेवढा तुकडा दिसतो, तेवढ्यालाच त्या दिव्याचा उजेड मिळावयाचा. तिरपा जाणारा प्रत्येक किरण काळ्या भिंतीत जिरतो, आणि आपल्याला हवे होते ते नेमके तिरपे किरण. म्हणजे दिवा खाली नेणे आणि घर पारदर्शक करणे ह्या दोन सुधारणा नव्हेत, एकाच सुधारणेच्या दोन बाजू आहेत. २०१४ साली चेरी कंपनीचा पारदर्शक घराचा स्विच कॉर्सेअर ह्या अमेरिकन कंपनीच्या रंगीत कळफलकांतून बाजारात आला, तेव्हा त्यात ह्या दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या होत्या. मौज अशी की, ज्या निळ्या एलईडीवाचून हे रंगीत वा पांढरे दिवे झालेच नसते, त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेही २०१४ सालीच.

पारदर्शक घर बहुधा पॉलिकार्बोनेटचे असते. हे प्लास्टिक पारदर्शक का, आणि नायलॉन दुधट का? दोन्हींत लांबच लांब रेणूंच्या साखळ्या आहेत. पॉलिकार्बोनेटमध्ये त्या सुताच्या गुंत्याप्रमाणे कशाही पडलेल्या असतात. प्रकाशाला कोठेही वेगळी हद्द लागत नाही, तो सरळ पार होतो. नायलॉन थंड होताना मात्र त्याच्या साखळ्या जागोजाग नीट घड्या घालून बसतात. अशा घड्या घातलेल्या व न घातलेल्या भागांच्या सीमेवर किरण ठेचकाळतो, वळतो, पुन्हा वळतो. असे असंख्य वेळा झाले की वस्तू दुधी दिसते. दुधातील चरबीचे थेंब आणि धुक्यातील पाण्याचे कण प्रकाशाला असेच सैरावैरा करतात. काळे घर म्हणजे ह्याच प्लास्टिकमध्ये काळा रंग कालविलेला; तेथे किरण भटकत नाही, मरतोच.

पारदर्शक म्हणजे सर्वोत्तम, असा आपला सहज समज होतो. आमचाही झाला होता. वास्तविक निर्मळ पॉलिकार्बोनेटच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे ५ टक्के उजेड परत फिरतो. भिंतीला दोन पृष्ठे, म्हणजे भिंतीमागे १० टक्के गेले. पण ही गळती मोठी नव्हे. खरी गंमत भिंतीच्या आत आहे. पॉलिकार्बोनेटच्या आतून पृष्ठावर येणारा किरण, पृष्ठाच्या लंबाशी ३९ अंशांहून अधिक कोन करीत असेल, तर बाहेर पडूच शकत नाही. तो आरशावरून परतावा तसा आत परततो. असा अडकलेला उजेड भिंतीभिंतीतून धावतो आणि जेथे कड किंवा कोपरा येईल तेथे बाहेर सांडतो. शाळेतली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी उन्हात धरली असता तिच्या कडाच तेवढ्या चमकतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कळीच्या घराच्याही कडा तशाच चमकतात. परिणाम असा की, उजेडाचा एक हिस्सा अक्षराला न मिळता कळांच्या मधल्या फटींतून डोळ्यांत येतो. दुकानात तो फार शोभिवंत दिसतो, आणि गिऱ्हाईक त्यावर भाळते. अंधारात तासभर काम करणाऱ्याला तोच जाच होतो. स्विच ज्या पत्र्यात बसवितात तो पांढरा असेल तर हा सांडलेला उजेड काही प्रमाणात वर परततो. काळा असेल तर गिळला जातो. दोन्ही कळफलक 'पारदर्शक घराचे' म्हणूनच विकले जातात.

ह्या ठिकाणी आम्हाला आकाशकंदिलाची आठवण झाली. लहानपणी घरी कंदील करताना जिलेटिनचा चकचकीत कागद लावला, तर आतला बल्ब जसाच्या तसा दिसे. मध्ये एक झगझगीत ठिपका, बाजूंना काळोख. पतंगाचा कागद लावला, की बल्ब दिसेनासा होई आणि सारा कंदील अंगभर उजळे. उजेड मोजला असता तर कदाचित दुसऱ्या कंदिलाचा कमीच भरला असता. पण आकाशकंदील कोणता चांगला, ह्याबद्दल आळीत कधी मतभेद झाल्याचे स्मरत नाही. दुधी घर हे पतंगाच्या कागदाचे काम करते. ते काही उजेड खाते, काही मागे परतविते. पण जो वर जाऊ देते तो पसरून जाऊ देते. प्रकाश दांड्याला वळसा घालून पलीकडे पोचतो, कारण आता तो एका ठिपक्यातून न येता सगळ्या छपरातून येतो.

रंगीत दिव्यांच्या बाबतीत दुधी घराचा आणखी एक गुण दिसतो. तळाशी बसणाऱ्या रंगीत एलईडीत लाल, हिरवा व निळा असे तीन निरनिराळे कण शेजारी-शेजारी असतात. तिघांच्या मिश्रणाने पांढरा रंग होतो, पण त्यांचे मिश्रण होण्याला मध्ये काही जागा लागते. निर्मळ घरातून पाहिल्यास पांढऱ्या अक्षराची एक कड तांबूस आणि दुसरी निळसर दिसते. दुधी घरात तिघेही एकमेकांत विरघळून जातात. आता ह्याच्या अगदी उलट चाल म्हणजे धुरकट किंवा रंगीत काचेसारखी घरे. ती दिसावयास देखणी, परंतु लाल घरामागे निळा दिवा लावला तर जवळजवळ काहीच बाहेर येत नाही. लाल प्लास्टिक निळा प्रकाश गिळते, म्हणून तर ते लाल दिसते. ज्याला दिवा लावावयाचाच नाही त्याने ती खुशाल घ्यावीत.

काही श्रोते म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? दिवाच मोठा घाला. ह्याला उत्तर आहे वायरीत. संगणकाच्या यूएसबी २.० जोडणीतून एका उपकरणाला ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज घेण्याची मुभा असते. पूर्ण कळफलकाला १०४ कळा. एका एलईडीला पुऱ्या तेजाने जळण्यास २० मिलिअँपिअर धरले, तर एकाच रंगाचे दिवे मिळून २०८० मिलिअँपिअर मागतील. तीन रंगांचे त्याच्या तिप्पट. म्हणून दिवे डोळ्यांना न कळेल इतक्या वेगाने ओळीओळीने लावतात व विझवितात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला तेजाचा थोडकाच अंश येतो. बिनतारी कळफलकात तर बॅटरी जपावयाची असते. असा मोजून-मापून मिळालेला उजेड काळ्या भिंतीत जिरविणे परवडत नाही. म्हणूनच काही कारखाने खोबणीत पारदर्शक प्लास्टिकचे एक लहानसे भिंग बसवितात. ते तळाच्या दिव्याचा उजेड गोळा करून वर नेते, आणि रोमन अक्षर फारच तेजस्वी होते. मात्र गोळा केलेला उजेड एकाच जागी जातो; गणिताने मिळविलेली समानता भिंगाने पुन्हा घालविली. हे भिंग ज्या टोपीवर एकच अक्षर असेल तिच्यासाठी उत्तम, आमच्या स्नेह्यांसाठी नव्हे.

आम्ही एका ओळखीच्या विद्यार्थ्याकडून चार दिवसांच्या बोलीवर दुसरा कळफलक मागून आणला. त्याचे दिवे तळाशी होते, आणि स्विच चिमट्याने उपटून पुन्हा बसविता येत होते. दिव्याचे पाय घरातून जात नसल्यामुळेच ही सोय होते. स्नेह्यांच्या पहिल्या कळफलकात प्रत्येक कळीला स्विचचे दोन व दिव्याचे दोन असे चार डाग. १०४ कळांचे ४१६ डाग उतरवून पुन्हा द्यावे तेव्हा घरे बदलावयाची. तो विचार आम्ही मनातही आणला नाही. दुसऱ्या कळफलकाची आणखी एक विशेष गोष्ट म्हणजे त्याचे दिवे टाइप करणाऱ्याच्या बाजूस होते. हल्ली पुष्कळ कळफलकांत तसे करतात. त्यामागे उजेडाचा विचार नाही. काही बुटक्या घडणीच्या टोप्या पडद्याकडे तोंड केलेल्या घराच्या काठावर आपटतात, तो उपद्रव टाळण्यासाठी स्विच फिरवून बसवितात. रोमन अक्षर वाचणारे ह्यामुळे नाराज असतात. आम्हाला मात्र ते अनायासे हवे होते.

रात्री खोलीतले सर्व दिवे मालवून आम्ही ल आणि ळची ती टोपी एकामागून एक तीन घरांवर चढविली: काळे, निर्मळ आणि दुधी. काळ्या घरावर ल वाचता आला, ळचा अर्धा भाग आणि वरचे रोमन अक्षर बुडाले. विहीर ती विहीरच. निर्मळ घरावर तिन्ही अक्षरे दिसली, पण टोपीभोवती उजेडाचे कडे पडले आणि लच्या एका बाजूला तांबडी झाक आली. दुधी घरावर उजेड कमी झाला. तेज दोन पायऱ्या वाढवावे लागले. तेवढे केल्यावर ल, ळ आणि रोमन एन तिन्ही शांतपणे वाचता आली. रोमन अक्षर सर्वांत मंद होते. स्नेही म्हणाले, "असू द्या, त्याने पुष्कळ वर्षे उजेड खाल्ला!"

घराचे द्रव्य नुसते दिसत नाही, ऐकूही येते. आणि आमच्या ह्या प्रकरणात ते कमी महत्त्वाचे नव्हते. कळ सुटून वर येते तेव्हा दांडा छपराला आतून धडकतो. पॉलिकार्बोनेट कडक असल्याने आवाज टणक, उंच स्वराचा येतो. नायलॉन मऊ, त्याचा आवाज बसका. दुधी घर नायलॉनचेच असल्यामुळे उजेड मऊ करणाऱ्या द्रव्याने आवाजही मऊ केला. प्रत्येक दुधी घर नायलॉनचे नसते. पॉलिकार्बोनेटमध्ये धूसरपणा आणणारी भर घालूनही तसे करतात, आणि मग आवाज पहिल्यासारखाच टणक राहतो. घेताना नखाने वाजवून पाहावे, एवढे आम्ही सांगू. मातोश्री तीन हातांवर झोपलेल्या असताना हा फरक शास्त्रीय राहत नाही.

टंकलेखनाच्या वर्गातून शिकलेली मंडळी इतका वेळ मनात म्हणत असतील, की कळफलकाकडे पाहून टाइप करणे हेच मुळी चुकीचे. बोटांना वाटा पाठ हव्यात. खरे आहे. ज्यांच्या बोटांना त्या पाठ आहेत, त्यांनी दिवे विझवून वीज वाचवावी. पण स्नेह्यांसारखे आमच्यात बहुसंख्य आहेत, ज्यांना क, त, र, स पाठ असतात आणि ङ, ञ, ऱ्ह आले की मान खाली जाते. जोडाक्षरांच्या मजकुरात ती फार वेळा जाते.

शेवटी स्नेह्यांनी टाइप करणाऱ्याच्या बाजूस दिवे असलेला कळफलक घेतला आणि त्यात दुधी घरे बसविली. टोप्या त्याच, कारागिराने कोरलेल्या. पहिला कळफलक त्यांच्या पुतण्याकडे गेला. त्याला मूळच्या रोमन टोप्यांचा दुसरा संच मिळाला आणि तो त्यावर खूष आहे, कारण तो केवळ इंग्रजीत लिहितो. महिनाभराने आम्ही विचारले, काही अडचण? म्हणाले, अक्षरांची नाही. परंतु जागा सोडावयाची ती लांब पट्टी दाबली की आई कूस बदलते. आम्ही जाऊन पाहिले. तेथे घराचा दोष नव्हता. लांब पट्टी तिरपी होऊ नये म्हणून तिच्याखाली जी तार असते, ती तिच्या खाचेत खडखडत होती. तारेच्या दोन्ही टोकांना घट्ट वंगणाचा एकेक थेंब लावला आणि पट्टी पुन्हा बसविली.